बॉक्सरची उत्तेजक चाचणी पॉझिटिव्ह आली? या चुका टाळा

पॉझिटिव्हचं पत्र येतं तेव्हा लढत बरेचदा तोंडावर आलेली असते. तिकिटं विकली गेलेली असतात, प्रक्षेपणाचे करार झालेले असतात. या घाईतच प्रकरण बिघडतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे निर्णय कोणाच्या हातात आहे, हेच न ओळखणं. व्यावसायिक बॉक्सिंगला एक मालक नाही. व्हाडा ही उत्तेजक चाचण्या करणारी स्वयंसेवी संस्था नमुने घेते आणि निकाल कळवते, बंदी घालत नाही. लढत रोखणं आणि परवाना काढून घेणं हे ब्रिटनमध्ये बॉक्सिंग बोर्डाचं काम, अमेरिकेत त्या-त्या राज्याच्या बॉक्सिंग कमिशनचं. डब्ल्यूबीसी या जागतिक किताब देणाऱ्या संघटनेकडे फक्त किताब आणि क्रमवारी. 2022 मध्ये ब्रिटिश बॉक्सर कॉनर बेनच्या व्हाडाच्या नमुन्यांत क्लोमिफीन हे बंदी असलेलं औषध सापडलं, तेव्हा त्याच्या बाजूने युकॅड या ब्रिटनच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या चाचण्या स्वच्छ असल्याचं सांगितलं गेलं. बोर्डाने लढतीला मनाई केली आणि 8 ऑक्टोबरची युबँक ज्युनियरबरोबरची झुंज बारगळली. फेब्रुवारी 2023 मध्ये डब्ल्यूबीसीने भरपूर अंडी खाल्ल्याने ते शरीरात आल्याचं कारण शक्य मानून त्याला क्रमवारीत परत घेतलं. ब्रिटनमधलं प्रकरण मात्र नोव्हेंबर 2024 पर्यंत रेंगाळलं. एका दारातून सुटलात म्हणून दुसरं दार आपोआप उघडत नाही.

दुसरी चूक, कारण आधी जाहीर करायचं आणि पुरावा मागून शोधायचा. दूषित मांस, दूषित पावडर हे माध्यमांना सांगून टाकलं, की पुढे सुनावणीत त्याच वाक्याला धरून उलटतपासणी होते. आधी सप्लिमेंटचे डबे जपा. उघडलेला डबा फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्यात नंतर काही मिसळलं का, हे सांगता येत नाही. त्याच बॅच नंबरचा सीलबंद डबा मिळवून प्रयोगशाळेत द्या, खरेदीची पावती सोबत ठेवा. आणि नमुना देतानाच्या फॉर्मवर मागच्या सात दिवसांतली प्रत्येक गोळी, पावडर, इंजेक्शन लिहा. तिथे न लिहिलेलं सप्लिमेंट नंतर पुढे केलं, तर कोणाचा विश्वास बसत नाही.

बी नमुन्याबद्दल, म्हणजे फेरतपासणीसाठी दुसऱ्या बाटलीत राखून ठेवलेल्या लघवीबद्दल, दोन्ही टोकांच्या चुका होतात. मागणी मुदतीत केली नाही, तर हक्क सोडला असं धरलं जातं. उलट बी नमुना सोडवेल या आशेवर बाकी तयारी थांबवणंही चूकच, कारण दोन्ही बाटल्यांत लघवी एकाच वेळची असते. मागणीसोबत प्रयोगशाळेची कागदपत्रं मागवा आणि सीलचे क्रमांक, हस्तांतराच्या वेळा जुळतात का ते तपासा. नमुन्याआधी पाणी ढोसणंही टाळा. किमान 90 मिली लघवी लागते, पण ती फार पातळ निघाली तर पुन्हा नमुना द्यावा लागतो.

'मुद्दाम घेतलं नाही' हे सिद्ध झालं म्हणजे सुटलो, असं समजू नका. फेब्रुवारी 2022 च्या केल ब्रूकविरुद्धच्या लढतीनंतर ब्रिटिश बॉक्सर आमिर खानच्या नमुन्यात ऑस्टरीन हे स्नायू वाढवणारं बंदी असलेलं द्रव्य मिळालं. त्याने ते हेतुपुरस्सर घेतलं नव्हतं हे मान्य होऊनही दोन वर्षांची बंदी बसली. शरीरात काय आहे याची जबाबदारी बॉक्सरचीच, असा हा नियम आहे.

तात्पुरतं निलंबन लागलं की ते काटेकोर पाळा. वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (व्हाडा वेगळी) संहितेनुसार हा काळ पुढच्या बंदीतून वजा होतो, पण मध्ये लढलात तर ती वजावट गेली.