कादंबरी आली, आता पुढे काय करायचं?

कोकणात प्रकाशन ठेवणार असाल तर मे महिना बघा, चाकरमानी गावाला आलेले असतात, जून लागला की पाऊस आणि लावणी, मग हॉलमध्ये कोण येणार? रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, तिथे आणि सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरात एकेक प्रत स्वतः नेऊन द्या, कारण लायब्ररीतलं पुस्तक वर्षानुवर्षं हातोहात फिरतं, आणि मला तरी तेच खरं प्रकाशन वाटतं.

प्रकाशकाला एक आठवण करा, १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला जायला हवी.

आता परीक्षणं. दिवाळीच्या तोंडावर पुस्तक पाठवू नका, संपादक अंकांत बुडालेले असतात. प्रत पाठवली की तारीख वहीत लिहा, महिन्याभराने एकच फोन, त्यावर नाही. छापून आलं की कात्रण लगेच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत कागदाला बुरशी यायला वेळ लागत नाही, माझी पहिली कात्रणं अशीच गेली, अजून वाईट वाटतं, तेव्हा मोबाईलवर फोटो पण काढाच.

वाईट परीक्षण आलं तर त्याच दिवशी उत्तर लिहू नका. आठवड्याने परत वाचा, पेन्सिल घेऊन. मालवणी संवाद कळले नाहीत असं तिघांनी वेगवेगळं लिहिलं असेल तर पुढच्या आवृत्तीत शब्दार्थ द्या, पण संवाद प्रमाण भाषेत बदलू नका हो, प्लीज.