हिब्रू लोकांचा धर्म समजून घ्यायचाय? पहिल्या पानापासून सुरू करू नका

आमचं इंदुरात एक छोटंसं वाचन मंडळ आहे, आठ-दहा मराठी घरं, महिन्यातून एकदा कोणाकडे तरी जमायचं, आधी पोहे-जिलबी मग विषय. मागच्या वर्षी चिठ्ठीत माझ्या नावावर निघालं "प्राचीन हिब्रू लोक आणि त्यांचं धार्मिक महत्त्व". मी हौसेनं मराठी बायबलातला जुना करार, म्हणजे मुळात हिब्रू लोकांचंच धर्मपुस्तक, पहिल्या पानापासून उघडला. उत्पत्ति मजेत गेलं, निर्गम अर्धं मजेत, आणि मग देवाच्या तंबूची मापं सुरू झाली, पडदा किती हात, कड्या किती, खांब कोणत्या लाकडाचे, लेवीयपर्यंत पोचता पोचता पुस्तक उशाशी आणि मी घोरतोय. त्या महिन्यात मी जे काय बोललो ते न सांगितलेलंच बरं. नंतर परत वाचलं, वेगळ्या क्रमानं, आणि तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. तोच क्रम देतो.

सुरुवात शेवटाकडून करायची. २ राजे (म्हणजे "राजे" नावाचं दुसरं पुस्तक), अध्याय २५ उघडा, दोनेक पानं आहेत. इ.स.पू. ५८६, बाबेलचा (बॅबिलॉनचा) राजा नबुखद्नेस्सर, त्याच्या सैन्यानं यरुशलेम (जेरुसलेम) पाडलं, शलमोनाचं मंदिर जाळलं, राजाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले, म्हणजे त्यानं शेवटचं पाहिलं ते तेच. लोकांना धरून बाबेलला नेलं. हे दक्षिणेचं यहूदाचं राज्य, उत्तरेकडचं इस्राएलचं राज्य तर इ.स.पू. ७२२ मध्येच अश्शूरी (असीरियन) लोकांनी संपवलेलं.

आता इथे थांबा आणि त्या काळचा हिशेब लक्षात घ्या. प्रत्येक राज्याचा एक देव, राज्य हरलं म्हणजे देव हरला, जिंकणाऱ्याचा देव मोठा. या हिशेबानं हिब्रू लोकांचा देव त्या दिवशी संपायला हवा होता. ना मंदिर, ना राजा, ना जमीन, आणि मूर्ती ठेवायची त्यांच्याकडे मुळात मनाई, म्हणजे सोबत उचलून न्यायलाही काही नाही. पण त्यांनी उलटं उत्तर काढलं, आपला देव हरला नाही, आपण त्याच्याशी केलेला करार मोडला, आणि बाबेलचं सैन्यसुद्धा त्यानंच पाठवलं. एका हरलेल्या छोट्या राज्याचा देव सगळ्या जगाचा देव झाला तो असा, हारीतून. माझ्या मते हिब्रू लोकांचं धार्मिक महत्त्व विचाराल तर ते इथे आहे, बाकी सगळं याच्या अलीकडे-पलीकडे.

मग लगेच स्तोत्रसंहिता १३७ वाचा. नदीकाठी बसून रडणारे लोक, वीणा झाडांना टांगलेल्या, पकडून नेणारे म्हणतायत तुमच्या गावचं एखादं गाणं म्हणा ना. शेवटच्या ओळी मात्र भयंकर आहेत, शत्रूच्या तान्ह्या मुलांबद्दल, मंडळात मोठ्यानं वाचणार असाल तर आधी स्वतः वाचून ठेवा, आमच्याकडे एकदम शांतता पसरली आणि चहा गार झाला.

त्याच्या जोडीला यिर्मया २९. यिर्मया हा संदेष्टा यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या आपल्या लोकांना पत्र लिहितो, मी तर चाटच पडलो, म्हणे घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आपण इंदूरचे मराठी, होळकरांच्या मागे इथे आलो ते आलोच, पिढ्या गेल्या, घरात मराठी आणि गल्लीत "काय भिया", तर हे पत्र आपल्याला जरा जास्तच कळतं. अर्थात आपल्याला कोणी साखळ्या घालून आणलं नव्हतं, आपण जिंकणाऱ्यांबरोबर आलो, हा फरक विसरून उगाच गळे काढू नयेत.

आता या, पहिल्या पानाकडे. उत्पत्ति १ याच हद्दपारीच्या काळात घडलं असं बरेच अभ्यासक मानतात. तसं धरून वाचलं की एक बारीक गोष्ट दिसते. चौथ्या दिवशी सूर्य आणि चंद्र होतात, पण त्यांची नावंच घेतलेली नाहीत, नुसती "मोठी ज्योती" आणि "लहान ज्योती". का? तर हिब्रूत सूर्याला शेमेश म्हणतात आणि बाबेलच्या सूर्यदेवाचं नाव शमश. आजूबाजूला त्याची देवळं, आणि हे म्हणतायत तो देव वगैरे काही नाही, आमच्या देवानं टांगलेला दिवा आहे. एवढा मोठा टोमणा, आणि तोही नाव न घेता!

शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवशीची, शनिवारची सुट्टी, हा भाग घाईत वाचू नका. दहा आज्ञा दोन ठिकाणी आहेत, निर्गम २० आणि अनुवाद ५, दोन्ही पानांत बोट घालून शेजारी शेजारी ठेवा. आज्ञा तीच, कारण वेगळं. निर्गममध्ये कारण असं की देवानं सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादमध्ये कारण की तुम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होता हे आठवा. म्हणून सुट्टी फक्त मालकाला नाही, दास, दासी, बैल, गाढव, दाराशी आलेला परका, सगळ्यांना. आपला बैलपोळा वर्षातनं एकदा, यांच्या बैलाला दर आठवड्याला. आणि मंदिर जळालं तरी शनिवार कोण जाळणार, तो बाबेलमध्येही पाळता येतो, कोकणातही येतो. बेने इस्राएल लोक, म्हणजे आपल्याकडचे यहूदी, कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनवार तेली. मराठी बोलणारे, आडनावाला आपल्यासारखंच "कर".

नावांचा घोळ, यावर मी पहिल्यांदा सपशेल आपटलो म्हणून सांगतो. हिब्रू (मराठी बायबलात "इब्री") हे जुनं नाव, बऱ्याचदा परक्यांशी बोलताना येतं, जहाजावरचे खलाशी विचारतात तेव्हा योना म्हणतो मी इब्री. इस्राएली म्हणजे याकोबाचे वंशज, कारण याकोबाचंच दुसरं नाव इस्राएल. यहूदी हा शब्द यहूदा या दक्षिणेच्या राज्यावरून, हद्दपारीनंतर तोच रुळला. आजच्या देशाच्या नागरिकाला इस्रायली म्हणतात, तो वेगळा विषय, मंडळात तो काढू नका, पोहे राहतील बाजूला.

"हे सगळं खरंच घडलं का" असं कोणीतरी विचारणारच, आमच्याकडे एक रिटायर्ड काका आहेत ते दर वेळी विचारतात. सरळ सांगा. इस्राएल हे नाव बायबलाबाहेर पहिल्यांदा मिळतं ते मिसरच्या मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात, साधारण इ.स.पू. १२०८, आणि त्यात लिहिलंय की त्यांचं बीसुद्धा उरलं नाही. (म्हणजे पहिलाच उल्लेख, तोही "संपले" असा.) उत्तर इस्रायलमधल्या तेल दान या ठिकाणी १९९३ मध्ये सापडलेल्या शिलालेखात "दावीदाचं घराणं" आहे. पण गुलामीतून सोडवणाऱ्या मोशेबरोबर लाखो लोक वाळवंटातून चालले याचा उत्खननात पुरावा नाही. त्यावरून वाद घालण्यात रात्र घालवू नका, ती आठवण त्यांनी शब्बाथच्या कायद्यात कशी बसवली ते बघा, जास्त हाती लागतं.

कॅलेंडर हा आपल्यासाठी सगळ्यात सोपा भाग, मंडळात थकवा आला की हा काढायचा. आपल्या हिंदी शेजाऱ्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो ना, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. तर हिब्रू महिना आपल्यासारखा, अमावास्येनंतरच्या कोरीपासून. अधिक महिना पण आहे, १९ वर्षांत ७, आपल्याकडेही साधारण तेवढेच. पेसाह, म्हणजे मिसरातून सुटल्याचा सण, निसान महिन्याच्या पौर्णिमेला आणि वसंतातच यायला हवा म्हणून हा खटाटोप. बरेचदा तो आपल्या हनुमान जयंतीच्याच चंद्रावर येतो, हे सांगितलं तेव्हा काका पहिल्यांदा गप्प बसले.

वेळ उरला तर आमोस वाचा, तकोवाचा मेंढपाळ, यज्ञ आणि गाणी बंद करा आणि आधी गरिबाला न्याय द्या असं श्रीमंतांना तोंडावर सांगणारा. लेवीय राहू द्या, पण अध्याय १९ तेवढा बघा, शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा, हे त्यात आहे.

सगळ्यात शेवटी २ इतिहास, अध्याय ३६. ख्रिस्ती बायबलात हे मधेच कुठेतरी येतं, पण छापील हिब्रू प्रतीत हेच शेवटचं पान. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल जिंकणारा इराणचा कोरेश राजा जाहीर करतो की यरुशलेमला मंदिर बांधायचंय, तुमच्यापैकी ज्याला जायचं असेल त्यानं वर जावं. बस, तिथेच पुस्तक संपतं. कोण गेलं, किती गेले, त्या पानावर काही नाही, आणि बरेच जण तर बाबेललाच राहिले.