डिजिटल इनपुट कार्ड बदलण्याआधी या चुका टाळा

मशीन चालवणारा कंट्रोलर, म्हणजे पीएलसी, सेन्सर आणि बटणांचे चालू-बंद सिग्नल डिजिटल इनपुट कार्डातून वाचतो. इनपुट आलं नाही की निदान ठरलेलं असतं: "कार्ड गेलं." खरोखर जळालेली इनपुट कार्डं मी फार थोडी पाहिली आहेत. दोष बहुतेक वेळा वायरिंगमध्ये सापडतो, आणि त्यातही कॉमनमध्ये, म्हणजे सगळ्या इनपुटांच्या सामाईक टोकात.

एका कन्व्हेअरवर मला रात्री बोलावलं, तोवर दोन कार्डं बदलून झाली होती. सेन्सरचा दिवा लागत होता, मीटरवर २४ व्होल्ट दिसत होते, पण कार्डावरचा दिवा काही लागेना. मी विचारलं, मीटरचा काळा प्रोब कुठे ठेवला होता? उत्तर आलं, जंक्शन बॉक्समधल्या एसएमपीएसच्या (२४ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायच्या) ० व्होल्टवर. तोच प्रोब मी कार्डाच्या कॉमनवर ठेवला आणि आकडा जवळपास शून्यावर आला. सेन्सरला सप्लाय एका एसएमपीएसचा, कार्डाला दुसऱ्याचा, आणि दोघांचे ० व्होल्ट कुठेच जोडलेले नव्हते. करंटला परतायला वाटच नव्हती! ड्रॉइंग तपासून दोन्ही शून्यं एका ठिकाणी जोडली, आणि त्या बॉक्सवरचे सगळे चॅनल, म्हणजे कार्डावरचं एकेक इनपुट, आले.

म्हणून काळा प्रोब कार्डाच्या कॉमनवर आणि लाल चॅनलच्या टर्मिनलवर. दुसरीकडे कुठे मोजलेला आकडा मी धरत नाही. शंका उरलीच तर फील्डची वायर काढतो आणि कार्डाच्याच सप्लायचा प्लस छोट्या वायरने त्या चॅनलला टेकवतो. सिंक कार्ड (चॅनलला प्लस मिळाला की चालू होणारं) असेल आणि दिवा लागला, तर कार्ड चांगलं आहे. अर्ध्या मिनिटाचं हे काम सोडून लोक थेट नवं कार्ड मागवतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

दुसरं दुखणं दोन वायरच्या प्रॉक्सीचं, म्हणजे वस्तू जवळ आली की चालू होणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरचं. समोर काही नसतानाही तिच्यातून थोडा करंट वाहत असतो, कारण तिचं स्वतःचं सर्किट त्यावरच चालतं. जुन्या प्रॉक्सींमध्ये तो दीड मिलिअँपिअरपर्यंतही असतो. पीएलसीच्या आयईसी ६११३१-२ या आंतरराष्ट्रीय मानकात इनपुटांचे टाइप ठरवले आहेत; त्याप्रमाणे टाइप १ इनपुट ०.५ मिलिअँपिअरपर्यंतच नक्की बंद राहतं, टाइप ३ मात्र १.५ पर्यंत. जुनी प्रॉक्सी टाइप १ कार्डावर लावली की दिवा मंद पेटलेला राहतो आणि इनपुट मनात येईल तेव्हा चालू-बंद होतं. मग प्रोग्रॅममध्ये टायमर घालून ते झाकलं जातं. असा टायमर दिसला की मी तो काढायला लावतो. चॅनल आणि कॉमनमध्ये ४.७ किलोओहम, अर्धा वॉटचा रेझिस्टर लावा, नाहीतर सरळ तीन वायरची प्रॉक्सी घ्या.

पीएनपी सेन्सर (आउटपुटला प्लस देणारा) सिंक इनपुटला, एनपीएन (आउटपुट ० व्होल्टला जोडणारा) सोर्स इनपुटला. ऑर्डर देण्याआधी बघा, पॅनल उभा राहिल्यावर नाही.

स्टॉपचं बटण एनसीच (न दाबता सर्किट जोडलेलं ठेवणारं) हवं. एनओ (दाबल्यावरच जोडणारं) घेतलं आणि वायर तुटली, तर मशीन थांबणारच नाही आणि कोणाला पत्ताही लागणार नाही.

लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) न लावता मल्टिस्ट्रँड वायर टर्मिनलमध्ये कोंबू नका. सुटलेली एक तार शेजारच्या चॅनलला टेकते.

काउंट चुकतात तेव्हा आधी इनपुट फिल्टर बघा, म्हणजे ठरावीक वेळेपेक्षा छोटे सिग्नल गाळणारी कार्डाची सेटिंग. ६.४ मिलिसेकंदांच्या फिल्टरमधून २ मिलिसेकंदांचा पल्स जाणारच नाही, सेन्सर कितीही महागडा असो. फिल्टर कमी करूनही पल्स पीएलसीच्या स्कॅनपेक्षा (प्रोग्रॅमच्या एका फेरीच्या वेळेपेक्षा) लहान राहिला, तर त्याला हायस्पीड काउंटरचंच इनपुट द्यावं लागतं.