शूटिंग रेंजवर पहिल्यांदा जाताय? आधी हे वाचा

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं. नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांची नावं तर कोल्हापुरात घराघरात होतीच. साहजिकच मुलांना घेऊन उघड्यावरची रेंज बघायला जावंसं वाटतं. जरूर जा, पण फोन करून, परवानगी घेऊन.

सगळ्यात महत्त्वाचं, बंदूक रिकामी आहे असं कुणी सांगितलं तरी ती भरलेलीच समजायची. नळी कायम टार्गेटच्या दिशेला आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. नवखा माणूस चुकतो तो इथे: गोळी सुटली की आनंदानं मागे वळतो, आणि हातातली नळीही त्याच्याबरोबर वळते. आधी बंदूक खाली ठेवा, मग वळा. चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी समोरच धरून ठेवा, आत डोकावू नका, कोचला हाक मारा.

'स्टॉप' ऐकू आलं की ताबडतोब थांबायचं. माणसं टार्गेटकडे गेलेली असताना बंदुकीला हातही लावायचा नाही, नुसती बघायलासुद्धा नाही.

कानाला आवाज अडवणारे मफ, डोळ्यांना चष्मा हवाच. गळाबंद शर्ट घाला, उडालेल्या गोळीची गरम पुंगळी कॉलरमधून आत गेली की माणूस दचकून हात झटकतो. नेम धरलेल्याशी बोलू नका, फोटो विचारूनच काढा. आणि हात साबणानं धुतल्याशिवाय मिसळीला बसू नका, बोटांना शिसं लागलेलं असतं.