स्वभाव कुठून आला ते घरच्याघरी कसं शोधायचं

"बाबांचा स्वभावच तसा आहे" म्हटलं की आपल्याकडे विषय संपतो. सायकॉलॉजी शिकणारे पोट्टेही इड, इगो, सुपरइगो हे फ्रॉइडने सांगितलेले मनाचे तीन भाग पाठ करतात, पण समाज माणसाच्या आत शिरतो कसा असं विचारलं की दोन ओळीत गुंडाळतात. नुसत्या नोट्स वाचून हे डोक्यात बसत नाही, घरातल्या एका माणसावर करून पाहिलं की बसतं. कसं करायचं ते सांगतो.

आधी अख्खा माणूस घेऊ नका, त्याची एक सवय घ्या. आणि विशेषण लिहू नका. "आजोबा कंजूस" असं लिहिलं की पुढे काही दिसतच नाही. त्यापेक्षा असं लिहा, की दुधाची रिकामी पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालतात, कोणी फेकली तर दिवसभर बोलत नाहीत आणि जेवायला पाच मिनिटं उशीर झाला तरी चिडतात.

आता हीच सवय दोघांच्या नजरेने वाचा. मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडने १९०८ मध्ये लिहिलं की टापटीप, काटकसर आणि हट्ट हे तिन्ही बरेचदा एकाच माणसात सापडतात, आणि त्याने त्याचं मूळ लहानपणी शी-शूची सवय लावतात त्या वयात शोधलं. त्याच्यानंतरचा मनोविश्लेषक एरिक फ्रॉम, त्याला हे तिन्ही एकत्र येतात हे मान्य होतं, कारण मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं असं की समाज ज्या कामांवर चालतो त्या कामांना लागणारा स्वभाव आईबाप नकळत पोरांमध्ये तयार करतात, म्हणजे कुटुंब हे समाजाच्या वतीने काम करत असतं. अशा स्वभावाला तो सोशल कॅरेक्टर म्हणायचा.

म्हणून वहीत पहिले पैशाचं लिहा. आजोबांचे वडील काय करायचे, शेत स्वतःचं होतं की मक्त्याचं, दुकान उधारीवर चालायचं का, पगार कधी हातात यायचा. आपल्याकडे नागपूरला एम्प्रेस मिल ही कापड गिरणी १८७७ ला सुरू झाली आणि पिढ्यानपिढ्या कितीतरी घरं तिच्या भोंग्यावर उठली-झोपली, अशा घरात वेळ पाळणं हा पोटाचा प्रश्न होता. मिल बंद पडली, घरात पैसा आला, तरी सवय गेली नाही, आणि हेही फ्रॉमने सांगून ठेवलंय की परिस्थिती आधी बदलते, स्वभाव मागून रखडत येतो.

विचारायची पद्धतही त्याच्याकडूनच घ्या. मायकेल मॅकोबी या सहकाऱ्यासोबत त्याने मेक्सिकोच्या एका खेड्याचा अभ्यास केला, तो १९७० मध्ये छापून आला. स्वतःची थोडी जमीन कसणारे लोक साठवून ठेवणारे पण कामसू निघाले, आणि जुन्या जमीनदारीत राबलेल्या भूमिहीन लोकांमध्ये वरून कोणी देईल याची वाट पाहण्याकडे कल जास्त दिसला. त्यांनी उत्तरं जशीच्या तशी धरली नाहीत, त्यामागचा अर्थ वाचला. तुम्हीही आजोबांना "तुम्ही काटकसरी काहून आहात" असं विचारू नका, "पहिला पगार झाला त्या दिवशी काय केलं" असं विचारा, आणि बोलताना ते कुठे थांबले तेही लिहा.

पैशाचं झालं की मायेकडे या, आणि इथे अजिबात घाई करू नका, मला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो. मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नी १९३२ मध्ये बर्लिनहून शिकागोला गेल्या आणि त्यांना दिसलं की अमेरिकेतल्या पेशंटच्या अडचणी युरोपातल्यांसारख्या नाहीत, मग फ्रॉइडसारखं सगळं शरीरातल्या उपजत प्रेरणांवर कसं टाकायचं? त्यांनी विचारलं की मुलाला घरात असुरक्षित कशाने वाटतं. समजा बारावीची पोरगी आहे, नीटची तयारी करून राहिली. टेस्टचे मार्क मोबाईलवर येतात, आई काहीच बोलत नाही, फक्त ताट जरा जोरात ठेवते आणि "घे" म्हणते. एवढंच. पण ते कोचिंग, ती रँक, शेजारच्या पोराचं एमबीबीएस, हे सगळं त्या एका "घे" मधून पोरीपर्यंत पोचतं. समाज आईच्या आवाजातून आत येतो. मग पोरगी काय करते ते पाहा, सगळ्यांना हो हो करत राहते, की भांडते, की दार लावून घेते. लोकांकडे, लोकांविरुद्ध आणि लोकांपासून लांब, या तीन वाटा हॉर्नींनी सांगितल्या आहेत. थोड्याफार तिन्ही सगळ्यांकडे असतात, एकीतच माणूस अडकला तर बघायचं.

पुढचा प्रश्न, घरात धाक कोणाचा आणि राग काढायला जागा कुठे? पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीला दिसलं की तिथे धाक मामाचा असतो, बाप दोस्तासारखा, आणि पोराचा मनातला राग मामावर. राग दाबायला लावणं ही संस्कृतीची किंमत आहे असं फ्रॉइडने १९३० मध्ये मांडलं, पण संस्कृती जागाही देते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महाल भागात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तिथे उभं राहून पाहा, एरवी साहेबासमोर मान खाली घालणारा माणूस "घेऊन जा गे मारबत" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडतो. तुमच्या माणसाला अशी जागा होती का, ते लिहा. बायांच्या बाबतीत तर हे जरूर लिहा.

मग सोळा ते वीस या वयात शहरात काय चालू होतं ते शोधा. मनोविश्लेषक एरिक एरिक्सनच्या मते आपण कोण हे एकट्याने ठरत नाही, आजूबाजूच्यांनीही ते ओळखावं लागतं. त्याला हे स्वतःला भोगावं लागलं होतं, शाळेत ज्यू म्हणून चिडवायचे आणि ज्यू प्रार्थनास्थळात परका म्हणून. ज्या घरातलं कोणी त्या वयात १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होतं, त्या घरात ताठ मानेने बोलणं, पोरांना शिकवण्याची जिद्द कुठून आली हे या एका प्रश्नाने उलगडतं, पण त्यांच्याच तोंडून ऐका, स्वतःच्या मनाने ठरवू नका.

शेवटी सख्ख्या भावंडाला शेजारी ठेवा. घर तेच, मिल तीच, आई तीच, तरी आजोबांचा भाऊ उधळ्या निघाला तर तुमचं उत्तर अर्धं आहे. दोघांत सारखं आहे ते समाजाच्या खात्यात टाका आणि वेगळं आहे तिथे पुन्हा प्रश्न विचारा, थोरला की धाकटा, कोणाच्या जन्माच्या वेळी घरात काय चालू होतं, आजीच्या मांडीवर कोण वाढलं. आणि लिहिलेलं त्या माणसाला भांडणात कधीही ऐकवू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते तुम्हाला काही सांगणार नाहीत.