वर्गात गटनिर्णयाचा सराव कसा घ्यावा

वर्गात गटचर्चा म्हणून जे चालते, त्यात बहुतेक वेळा दोघे बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. गटाचा निर्णय खरोखर गटाचा व्हायचा असेल, तर ज्याला विषयातले काही ठाऊक आहे तो बोलता होईल अशी रचना शिक्षकाने आधीच करून ठेवली पाहिजे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील नववी-दहावीच्या किंवा पीयूसीच्या (कर्नाटकातील अकरावी-बारावीच्या) वर्गात पुढील सराव घेता येईल. त्यासाठी लागून दोन तास मिळवावेत, कारण एका तासात चर्चा उरकते, पण ती कशी झाली हे तपासायचे राहून जाते.

या सरावाचा मूळ नमुना म्हणजे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जे हॉल (Jay Hall) यांनी रचलेला चंद्रावरचा प्रसंग. त्यात चंद्रावर अडकलेल्यांनी जवळच्या 15 वस्तूंचा, जीव वाचवायला कोणती किती उपयोगी यानुसार, क्रम लावायचा असतो. प्राणवायूच्या टाक्या पहिल्या येतात आणि काडेपेटी शेवटची, कारण तिथे हवाच नाही. आपल्याकडे प्रसंग नदीकाठचा घ्यावा. दूधगंगेकाठच्या गावात रात्री पाणी चढले आहे, पूल बुडाला आहे आणि आठ माणसे शाळेच्या गच्चीवर अडकली आहेत. जवळ दोर, बॅटरी, शिट्टी, ताडपत्री, पिण्याच्या पाण्याची घागर, चिरमुऱ्यांची पिशवी, ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब, प्रथमोपचार पेटी, काडेपेटी आणि चार्जिंग संपत आलेला मोबाइल, अशा दहा वस्तू आहेत. त्यांचा योग्य क्रम अग्निशमन दलातील जाणत्या माणसाकडून कारणांसह आधीच लिहून घ्यावा. वर्गातील कुणाचे घर 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात किंवा नंतरच्या पुरात पडले असेल, तर मात्र हा प्रसंग घेऊ नये. खानापूरच्या जंगलात वाट चुकल्याचा घ्यावा.

पहिली दहा मिनिटे प्रत्येकाने कुणाशीही न बोलता आपला क्रम कागदावर लिहावा. ही पायरी कधीही गाळू नये. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या 1951 च्या प्रयोगात रेषांची लांबी डोळ्यांना स्पष्ट दिसत असतानाही अनेकांनी इतरांच्या चुकीच्या उत्तराला होकार दिला होता, आणि एकच साथीदार वेगळे बोलला की हा दबाव बराच कमी झाला होता. आधी लिहिलेला कागद हातात असला की अबोल मुलीलाही आपले मत सांगायला आधार मिळतो.

मग पाच-पाच जणांचे गट क्रमांक मोजून पाडावेत, मैत्रीप्रमाणे नव्हे. वीस मिनिटांत गटाने एकच क्रम ठरवायचा. मतदान, सरासरी किंवा चिठ्ठ्या यांना परवानगी नाही, आणि केवळ वाद मिटावा म्हणून कुणी मत बदलायचे नाही. बोलण्याची भाषा ठरवून देऊ नये. पीयूसीत मराठी माध्यमातून आलेली खेड्यातील मुले इंग्रजीत चर्चा सुरू झाली की गप्प होतात, आणि पुराच्या पाण्याची ओढ नेमकी त्यांनाच ठाऊक असते. मराठी, कन्नड, जसे सुचेल तसे बोलू द्यावे.

प्रत्येक गटाजवळ एक निरीक्षक बसवावा. त्याने कागदावर पाच नावे वर्तुळात लिहावीत, कुणी बोलले की त्या नावापुढे रेघ ओढावी, कुणाचे बोलणे मध्येच तोडले गेले तर फुली मारावी आणि स्वतः अवाक्षरही बोलू नये.

गुण काढणे सोपे आहे. जाणकाराच्या क्रमात दोर दुसरा असेल आणि आपण तो पाचवा लावला असेल, तर फरक तीन. अशा दहा फरकांची बेरीज जितकी कमी, तितका निर्णय चांगला. गटाची बेरीज सदस्यांच्या सरासरी बेरजेशी तर ताडून पाहावीच, शिवाय गटातील सर्वांत कमी बेरजेशीही ताडावी. एखाद्या सदस्याचा कागद गटापेक्षा सरस निघाला, तर त्याचे म्हणणे कुठे हरवले हे निरीक्षकाच्या रेघा आणि फुल्या दाखवतात. या चर्चेला निदान पंचवीस मिनिटे द्यावीत आणि पहिला प्रश्न त्या विद्यार्थ्याला नव्हे, तर गटाला विचारावा: "त्याने हे सांगितले तेव्हा आपण त्याला कारण विचारले का?"

पुढच्या आठवड्यात त्याच गटांना दुसरा प्रसंग द्यावा आणि या वेळी प्रत्येकाच्या हाती माहितीची वेगवेगळी चिठ्ठी द्यावी. मानसशास्त्रज्ञ स्टॅसर आणि टायटस यांनी 1985 मध्ये दाखवले की गट सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींवरच अधिक बोलत राहतो आणि एकट्याजवळची माहिती मागे पडते. म्हणून चर्चेच्या आरंभी प्रत्येकाने आपली चिठ्ठी मोठ्याने वाचावी, आणि तोवर कुणीही क्रम सुचवू नये.