ट्यूनाचा डबा घेताय? आधी तो उलटा करा

जिम सुरू केलं की ट्यूनाचा डबा घरात येतोच, माझ्याही आला, आणि सहा महिने मी त्यावरचा 'डॉल्फिन सेफ'चा, म्हणजे पकडताना डॉल्फिन मारले नाहीत असं सांगणारा, शिक्का बघूनच खुश होते. तर पहिलं काम म्हणजे त्या डॉल्फिनकडे बघणं सोडा. ती भानगड मूळची पॅसिफिकच्या पूर्व भागातली, तिथे यलोफिन जातीचा मोठा ट्यूना डॉल्फिनच्या कळपाखाली पोहतो म्हणून जहाजवाले सरळ डॉल्फिनलाच जाळ्याने घेरायचे, त्यावरून अमेरिकेत बोंबाबोंब झाली आणि १९९० मध्ये हा शिक्का आला. समुद्रात ट्यूना किती उरलाय याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

आता डबा उलटा करा, मोबाईलचा टॉर्च लावा (खरंच लागतो) आणि जात शोधा. ट्यूना म्हणजे आपला कुपा, कुठे गेदर म्हणतात, पण त्यात जाती बऱ्याच. स्किपजॅक लहान, लवकर वयात येतो, त्यामुळे भरून निघतो. यलोफिनला मात्र पाऊण ते एक मीटर वाढावं लागतं, त्याआधीच पकडला तर पुढची पिढी आणायची कुठून?

मग एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा, नंबर बघा, मासा कुठल्या समुद्रातला ते त्यावरून कळतं. ५१ आणि ५७ म्हणजे हिंदी महासागर, ७१ म्हणजे पश्चिम पॅसिफिक. हिंदी महासागरातल्या ट्यूनाचे नियम इंडियन ओशन ट्यूना कमिशन करतं, ऑफिस सेशेल्सला, भारतही मेंबर. २०१५ मध्ये त्यांनी यलोफिनची अती मासेमारी होतेय असं सांगितलं, २०१६ मध्ये कपातीचा प्लॅन आला, पण गंमत अशी की नियम पटला नाही तर १२० दिवसांत हरकत घ्यायची, की तो त्या देशाला लागूच होत नाही. २०२१ च्या यलोफिनच्या ठरावावर भारतासकट काही देशांनी तेच केलं. आपल्याकडच्या छोट्या बोटवाल्यांना आणि युरोपच्या अवाढव्य जहाजांना एकच फूटपट्टी लावायची का हा मुद्दा मला पटतो, पण मासा तेवढाच आहे ना.

सगळ्यात महत्त्वाचं, पकडला कसा. 'एफएडी' (मासे गोळा करायचं साधन) दिसलं तर थांबा. समुद्रात तराफे सोडतात, त्यांना जीपीएसचा बोया, सावलीला मासे गोळा होतात की भोवती पर्स सीन जाळं, बटव्यासारखं खालून आवळायचं, त्यात स्किपजॅकसोबत यलोफिनची पिल्लंही ओढली जातात. एका जहाजाला एकावेळी असे तराफे किती चालतील यावर २०१९ मध्ये ३०० ची मर्यादा आली, ती २०२८ पर्यंत २२५ वर आणायचं ठरलंय. त्याऐवजी 'पोल अँड लाइन' शोधा. मालदीवला आणि आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयला हीच पद्धत आहे, जिवंत बारकी मासळी पाण्यात फेकायची, वरून पाण्याचे फवारे मारायचे, मासा चवताळला की गळ टाकायचा, गळाला मागे वळलेला काटा नसतो म्हणून झटका दिला की मासा डोक्यावरून उडून डेकवर, गळ लगेच परत पाण्यात. एकेक करून.

आणि यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर बॅच नंबर टाकून कंपनीला मेल करा. मी एकीला केला होता, जात कुठली, समुद्र कुठला, जाळं कुठलं असं तीन ओळीत विचारलं. बारा दिवसांनी उत्तर आलं, आमचा ट्यूना शंभर टक्के डॉल्फिन सेफ आहे.